बजेट गेमिंग पीसी : ग्राफिक्स कार्डाला पॉवर किती लागते आणि तुमचा एसएमपीएस पुरेल का?

कमी बजेटमध्ये गेमिंग पीसी जुळवताना सगळा विचार ग्राफिक्स कार्डाभोवती फिरतो. कोणतं कार्ड किती एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) देईल, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) किती आहे, रे ट्रेसिंग (प्रकाशाचे खरेखुरे वाटणारे परिणाम) चालेल का, यावर आठवडेच्या आठवडे जातात. एसएमपीएसची, म्हणजे पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याची, पाळी सगळ्यांत शेवटी येते. उरलेल्या पैशांत बसेल तो घेतला जातो, नाहीतर कॅबिनेटबरोबर आलेलाच ठेवला जातो. मग ऐन खेळात पीसी बंद पडायला लागतो. काही जण याच भीतीने उलट टोक गाठतात. चांगला ४५० वॅटचा पुरला असता तिथे ७५० वॅटचा घेतात आणि तेवढे पैसे कार्डातून वजा होतात. हे दुसरं नुकसान कुणाला दिसत नाही, पण बजेट बिल्डमध्ये ते मोठं असतं, कारण त्याच पैशांत कार्ड एक पायरी वरचं आलं असतं.

हा हिशेब बेरीज-गुणाकाराचा आहे. फक्त तो खोक्यावरच्या मोठ्या आकड्यापासून सुरू करायचा नाही. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर, दोघंही जवळपास सगळी पॉवर १२ व्होल्टच्या लाइनमधून घेतात. त्यामुळे एसएमपीएसचा खरा दम त्या एका लाइनवर मोजायचा.

पायरी १ : कार्डाची गरज काढा

कंपनीच्या वेबसाइटवर त्या कार्डाच्या स्पेसिफिकेशनमध्ये टीजीपी किंवा टीबीपी असा आकडा वॅटमध्ये दिलेला असतो. पूर्ण कार्ड, म्हणजे चिप, मेमरी, पंखे सगळं धरून, भर लोडवर साधारण किती घेईल, तो हा आकडा. बजेट बिल्डमध्ये नेहमी येणाऱ्या कार्डांचे आकडे असे आहेत :

आरएक्स ६४०० – ५३ वॅट
जीटीएक्स १०५० टीआय – ७५ वॅट
जीटीएक्स १६५० – ७५ वॅट
आरटीएक्स ३०५० (६ जीबी) – ७० वॅट
आरएक्स ६५०० एक्सटी – १०७ वॅट
आरटीएक्स ४०६० – ११५ वॅट
जीटीएक्स १६६० सुपर – १२५ वॅट
आरटीएक्स ३०५० (८ जीबी) – १३० वॅट
आरएक्स ६६०० – १३२ वॅट
आरटीएक्स ५०६० – १४५ वॅट
आरएक्स ७६०० – १६५ वॅट
आरटीएक्स ३०६० – १७० वॅट
आरएक्स ५८० – १८५ वॅट
आर्क बी५८० – १९० वॅट

ही यादी नीट पाहा. आरएक्स ५८० हे २०१७ चं कार्ड १८५ वॅट घेतं आणि २०२३ चं आरटीएक्स ४०६० त्याहून कितीतरी वेगवान असूनही ११५ वॅटमध्ये भागवतं. जुनं कार्ड स्वस्त मिळतंय म्हणून घेताना त्याच्यासाठी एसएमपीएस बदलावा लागणार असेल, तर तो खर्च कार्डाच्या किमतीत धरा. कितीदा तरी हा सौदा उलटा पडतो.

आरटीएक्स ३०५० नावाची दोन वेगळी कार्डं यादीत आहेत, तिथे विशेष लक्ष द्या. ६ जीबीचं ७० वॅटचं, ८ जीबीचं १३० वॅटचं. फरक फक्त मेमरीचा नाही, ६ जीबीच्या कार्डात चिपचे कोअरही कमी आहेत. जीटीएक्स १६५० आणि १०५० टीआय यांच्या बाबतीतही असंच. काही मॉडेल फक्त स्लॉटच्या पॉवरवर चालतात, तर काहींना कंपनीने क्लॉक (चिपचा वेग) वाढवून वर ६ पिनचं कनेक्टर दिलेलं असतं. म्हणून नुसत्या चिपच्या नावावर जाऊ नका. नेमक्या मॉडेलचं पान उघडा आणि फोटोत कार्डाच्या वरच्या कडेला पॉवरचं कनेक्टर आहे का, ते डोळ्यांनी बघा.

पायरी २ : स्लॉट किती देतो, केबल किती देते

मदरबोर्डवरचा लांब पीसीआय एक्सप्रेस स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. त्यातही १२ व्होल्टवर ५.५ अँपिअर, म्हणजे ६६ वॅट. बाकीचे साधारण १० वॅट ३.३ व्होल्टवर. ६ पिनची केबल आणखी ७५ वॅट देते, ८ पिनची १५० वॅट. म्हणजे एक ८ पिन असलेल्या कार्डाला नियमानुसार २२५ वॅटपर्यंत वाव आहे. बजेटमधली बहुतेक कार्डं यात आरामात बसतात. ६०० वॅटपर्यंत जाणारं नवं १६ पिनचं कनेक्टर मुख्यतः महागड्या कार्डांसाठी आहे, त्याची इथे फारशी काळजी नको.

या मर्यादा कागदावरच्या नाहीत. २०१६ मध्ये एएमडीचं आरएक्स ४८० आलं तेव्हा त्याच्या मूळ मॉडेलवर एकच ६ पिन होती आणि कार्ड स्लॉटमधून ठरल्यापेक्षा जास्त पॉवर ओढत असल्याचं चाचण्यांत दिसलं. महिन्याच्या आत कंपनीला ड्रायव्हर अपडेट देऊन लोड केबलकडे वळवावा लागला. जुन्या किंवा हलक्या मदरबोर्डच्या स्लॉटवर असा जादा भार सतत पडणं चांगलं नाही. म्हणूनच स्लॉटच्या काठावर चालणाऱ्या कार्डाला ओव्हरक्लॉक करू नये, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवू नये, असं माझं ठाम मत आहे.

पायरी ३ : एसएमपीएसचं लेबल वाचा

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. कॅबिनेटची बाजू उघडा आणि एसएमपीएसवरचं लेबल शोधा. काही कॅबिनेटमध्ये ते आतल्या बाजूला जातं. मग चार स्क्रू काढून एसएमपीएस थोडा बाहेर ओढावा लागतो. तेवढे कष्ट घ्या. मोबाइलने फोटो काढून ठेवला तर पुन्हा पुन्हा उघडावं लागत नाही.

लेबलवर एक तक्ता असतो. वरच्या ओळीत व्होल्टेज, खाली प्रत्येकाचे अँपिअर. समजा एका जुन्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत ५०० वॅट छापलंय आणि तक्त्यात असं आहे : ३.३ व्होल्टला २८ अँपिअर, ५ व्होल्टला ३० अँपिअर, १२ व्होल्टला २० अँपिअर, शिवाय उणे १२ व्होल्ट आणि स्टँडबायचे किरकोळ आकडे. आता गुणाकार करा. ३.३ गुणिले २८ म्हणजे ९२ वॅट. ५ गुणिले ३० म्हणजे १५० वॅट. १२ गुणिले २० म्हणजे २४० वॅट. किरकोळ धरून बेरीज ५०० च्या जवळ येते, म्हणजे कागदावर कुणी खोटं बोललेलं नाही. पण ३.३ आणि ५ व्होल्टवरची ती २४२ वॅट तुमच्या काहीच कामाची नाही. आजचा पीसी त्या दोन्ही लाइनमधून मिळून फार तर ३०-४० वॅट घेतो. गेमिंगच्या दृष्टीने हा ५०० वॅटचा एसएमपीएस खरं तर २४० वॅटचा आहे.

आता चांगल्या बनावटीचा ४५० वॅटचा घ्या. त्याच्या तक्त्यात १२ व्होल्टसमोर ३६ अँपिअरच्या आसपास दिसतील. गुणाकार ४३२ वॅट. म्हणजे जवळपास पूर्ण क्षमता १२ व्होल्टवर हजर. ४५० चा हा एसएमपीएस वरच्या ५०० वाल्याच्या जवळजवळ दुप्पट ताकदीचा आहे, आणि हे खोक्यावरच्या आकड्यातून कधीच कळलं नसतं.

काही लेबलवर १२ व्होल्टच्या दोन लाइन दाखवलेल्या असतात, उदाहरणार्थ प्रत्येकी १६ अँपिअर. त्यांची सरळ बेरीज करून ३२ अँपिअर धरू नका. खाली दोन्ही मिळून किती वॅट, हे वेगळं दिलेलं असतं. ते जर ३०० वॅट असेल तर तुमच्या हातात ३०० वॅटच आहेत.

लेबलवर अँपिअरचा तक्ताच नसेल, किंवा मोठ्या आकड्याशेजारी बारीक अक्षरांत ‘पीक’ किंवा ‘मॅक्स’ लिहिलं असेल, तर त्या एसएमपीएसवर स्वतंत्र पॉवर लागणारं कार्ड लावू नका. पीक म्हणजे क्षणभर झेपणारी पॉवर. गेम दोन-दोन तास चालतो.

एटी प्लसच्या (80 Plus) बिल्ल्याबद्दलही बराच गैरसमज आहे. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती टक्के पीसीपर्यंत पोचते आणि किती उष्णतेत जाते, एवढंच तो सांगतो. ११५ व्होल्टवरच्या चाचणीत ब्राँझला अर्ध्या लोडवर ८५ टक्के आणि गोल्डला ९० टक्के गाठावे लागतात. व्होल्टेज किती स्थिर राहतं किंवा आत बिघाड झाल्यावर एसएमपीएस वेळेत बंद होतो का, याची ग्वाही हा बिल्ला देत नाही. तरीही बजेटमध्ये मी ब्राँझच्या खाली जाऊ नका म्हणेन, कारण ती कार्यक्षमता गाठायला आतली रचना जरा बरी असावी लागते आणि अगदीच भिकार माल आपोआप गाळला जातो. त्याबरोबर ओव्हरकरंट, ओव्हरव्होल्टेज, शॉर्ट सर्किट आणि ओव्हरपॉवर ही संरक्षणं स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेली आहेत ना, हे बघा.

पायरी ४ : बेरीज करा

प्रोसेसरसाठी खोक्यावरचा ६५ वॅट हा आकडा घेऊ नका, टर्बोचा, म्हणजे जोर लागल्यावर प्रोसेसर वेग वाढवतो तेव्हाचा, घ्या. इंटेल आय३-१२१००एफचा बेस ५८ वॅट आहे पण टर्बोला तो ८९ वॅटपर्यंत जातो. आय५-१२४००एफ ६५ वरून ११७ वर जातो. एएमडीच्या एएम४ सॉकेटवरच्या ६५ वॅटच्या रायझन प्रोसेसरसाठी ८८ वॅट धरले की पुरेसं आहे. गेममध्ये प्रोसेसर एवढा क्वचितच घेतो, पण हिशेब वरच्या अंगाचाच ठेवायचा. मदरबोर्ड, दोन रॅम, एक एसएसडी आणि दोन-तीन पंखे यांना मिळून ५० वॅट धरा. जुनी मोठी हार्ड डिस्क असेल तर चालू होताना ती क्षणभर २०-२५ वॅट मागते. एखादी असेल तर ५० मध्येच सामावते.

आय३-१२१००एफ आणि आरएक्स ६६०० घेतलं तर ८९ अधिक १३२ अधिक ५०, एकूण २७१ वॅट. आय५-१२४००एफ आणि आरटीएक्स ४०६० ला ११७ अधिक ११५ अधिक ५०, एकूण २८२. त्याच प्रोसेसरवर आर्क बी५८० लावलं तर ३५७.

आता या बेरजेला दीडने गुणा. २७१ चे ४०६ होतात, २८२ चे ४२३, ३५७ चे ५३५. पहिल्या दोन्ही पीसींना चांगला ४५० वॅटचा पुरतो, तिसऱ्याला ५५० ते ६०० चा लागतो. १२ व्होल्टवर २४० वॅट देणारा वरचा ‘५०० वॅट’वाला यातल्या एकालाही चालणार नाही.

दीडपट का, तर तीन कारणांसाठी. एसएमपीएस सतत काठावर चालला की तापतो आणि त्याचा पंखा ओरडत राहतो. आतले कपॅसिटर वर्षागणिक कमजोर होतात. आणि तिसरं, सगळ्यांत महत्त्वाचं : ग्राफिक्स कार्डाची पॉवर एकसारखी नसते. १३२ वॅट ही सरासरी झाली. एखादा स्फोट पडद्यावर आला, सीन बदलला की काही मिलीसेकंद, कधी त्याहूनही कमी वेळ, मागणी दीडपट किंवा जास्त वर उसळते. साध्या मीटरला हे दिसत नाही, पण एसएमपीएसच्या संरक्षण सर्किटला दिसतं. ते याला बिघाड समजून पूर्ण पीसी बंद करू शकतं. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या एसएमपीएसच्या मानकात यासाठीच अट घातली गेली की ४५० वॅटच्या वरच्या, नवं १६ पिनचं कनेक्टर असलेल्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांसाठी क्षमतेच्या दुप्पट उसळी पेलली पाहिजे. नवा एसएमपीएस घेणार असाल आणि बजेटमध्ये एटीएक्स ३.० किंवा त्यापुढचा बसत असेल तर तो घ्या. जुना चांगला असेल तर केवळ यासाठी बदलायची गरज नाही.

कार्डाच्या पानावर कंपनीही एसएमपीएसचा आकडा सुचवते. आरटीएक्स ३०५० (६ जीबी)साठी ३००, आरएक्स ६६०० साठी ४५०, आरटीएक्स ४०६० साठी ५५० वॅट. हे आकडे मोठे वाटतात, कारण तुमचा प्रोसेसर कोणता आणि एसएमपीएस कसा, हे कंपनीला माहीत नसतं. ती वाईटातली वाईट जोडी गृहीत धरते. तुम्ही लेबल वाचलं आहे, बेरीज केली आहे. चांगल्या ४५० वर आय५-१२४००एफ आणि आरटीएक्स ४०६० निर्धास्त चालतं.

यूपीएसवर पीसी चालवत असाल तर त्याचंही लेबल बघा. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे; अशा अनेक यूपीएसची क्षमता ३६० वॅटच असते. आणि हा भार भिंतीकडून मोजायचा. २७१ वॅटच्या पीसीसाठी ८५ टक्के कार्यक्षमतेने भिंतीतून ३१९ वॅट लागतात. मॉनिटर वेगळा.

पायरी ५ : केबल

चुकीच्या केबलनेही पीसी जळू शकतो, म्हणून इथे घाई नको.

एसएमपीएसमधून ८ पिनच्या दोन वेगळ्या प्रकारच्या केबल येतात. प्रोसेसरची केबल मधोमध दुभंगते, ४ आणि ४. ग्राफिक्स कार्डाची ६ आणि २ अशी. कनेक्टरवर बहुधा सीपीयू किंवा पीसीआय-ई असं छापलेलं असतं. पिनांकडे समोरून पाहिलंत तर काही चौकोनी आणि काही कडा तासलेल्या दिसतील. ही मांडणी दोन्ही कनेक्टरांत मुद्दाम वेगळी ठेवली आहे, कारण १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्या ओळी त्यांत एकमेकींच्या उलट असतात. प्रोसेसरची केबल जोर लावून कार्डात दाबली तर सरळ शॉर्ट. कनेक्टर हलक्या दाबाने आत गेलं पाहिजे आणि खटकी टक्कन बसली पाहिजे. जात नसेल तर ते चुकीचं आहे.

६+२ ची केबल ८ पिनच्या कार्डात घालताना आधी ते दोन तुकडे हातात नीट जुळवा. २ पिनवाल्या तुकड्याला बारीक ओठ असतो, तो ६ पिनच्या खाली अडकतो. मग एकत्रच आत ढकला. २ पिनचा तुकडा बाहेर राहिला तर बहुतेक कार्डं सुरूच होत नाहीत किंवा पॉवर केबल जोडा असा संदेश दाखवतात.

आता अडॅप्टर. एसएमपीएसला ६ पिनची केबल नाही म्हणून साटाच्या (एसएसडी, हार्ड डिस्कला पॉवर देणाऱ्या) कनेक्टरवरून ६ पिन काढणारं स्वस्त अडॅप्टर सर्रास वापरलं जातं. कृपया हे करू नका. साटा पॉवर कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकीची क्षमता १.५ अँपिअर. तिन्ही मिळून ४.५ अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. ६ पिनमधून कार्ड ७५ वॅट मागू शकतं. एवढ्या बारीक पिनांमधून इतका करंट तासन्‌तास गेला की प्लास्टिक मऊ पडतं, संपर्क ढिला होतो, ढिल्या संपर्कात आणखी उष्णता तयार होते आणि शेवटी कनेक्टर वितळतं. जुन्या चार पिनांच्या मोलेक्सची पिन जाड असते, त्यामुळे दोन वेगळ्या केबलींवरच्या दोन मोलेक्समधून एक ६ पिन काढणारं अडॅप्टर तुलनेने बरं. पण मूळ प्रश्न वेगळाच आहे : ज्या एसएमपीएसला बनवणाऱ्याने ६ पिनची केबलच दिली नाही, त्याने तो अशा कार्डासाठी बनवलेलाच नाही.

मॉड्युलर (केबल काढता-घालता येणारा) एसएमपीएस असेल तर त्याच्याबरोबर आलेल्याच केबल वापरा. कार्डाच्या बाजूचं टोक सगळीकडे सारखं असतं, एसएमपीएसच्या बाजूचं नसतं. तिथल्या पिनांची मांडणी प्रत्येक कंपनी आपापली ठरवते, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही ती वेगळी असते. केबल बसते, पण १२ व्होल्ट भलत्याच तारेत जातो आणि एसएसडी, हार्ड डिस्क क्षणात जातात. एसएमपीएस बदलताना जुन्या केबल काढून टाकून नव्या ओढा, कितीही कंटाळा आला तरी.

पायरी ६ : जुना ऑफिसचा पीसी असेल तर

कंपन्यांनी काढून टाकलेले ब्रँडेड डेस्कटॉप स्वस्तात मिळतात आणि त्यात कार्ड टाकून गेमिंग पीसी बनवणं हा उत्तम मार्ग आहे. पण त्यांचे एसएमपीएस बहुतेक २०० ते ३०० वॅटचे असतात आणि त्यांत ग्राफिक्स कार्डाची केबल नसते. अनेक मॉडेलांत मदरबोर्डचं कनेक्टरही नेहमीचं २४ पिनचं नसतं, त्यामुळे बाजारातला साधा एसएमपीएस तिथे थेट बसत नाही.

अशा पीसीसाठी केबल न लागणारं, ७५ वॅटच्या आतलं कार्डच घ्या. सध्या त्यात आरटीएक्स ३०५० (६ जीबी) सगळ्यांत ताकदवान पर्यायांपैकी आहे. आरएक्स ६४०० आणखी कमी पॉवर घेतं, पण ते पीसीआय एक्सप्रेसच्या चारच लेन (डेटाच्या वाटा) वापरतं. जुन्या पीसीत स्लॉट पीसीआय एक्सप्रेसच्या जुन्या ३.० पिढीचा असतो, तिथे त्याचा वेग लक्षात येण्याइतका घसरतो. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही, म्हणजे गेम रेकॉर्ड किंवा स्ट्रीम करणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. आर्क कार्डांना मदरबोर्डवर रीसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू असावं लागतं. जुन्या ऑफिस पीसींत ते सहसा नसतं.

घेण्याआधी त्या पीसीचं मॅन्युअल उघडा. काही बारीक कॅबिनेटच्या मॉडेलांत स्लॉट दिसायला पूर्ण लांबीचा असतो, पण कंपनीने त्यावर ३५ वॅटचीच मर्यादा लिहिलेली असते. कार्डाची उंचीही मोजा. छोट्या कॅबिनेटला लो प्रोफाइल (कमी उंचीचं) कार्ड आणि त्याची आखूड पट्टी लागते.

पायरी ७ : बसवा आणि टप्प्याटप्प्याने तपासा

वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, मग कार्ड बसवा. पहिल्यांदाच जड गेम लावू नका. आधी अर्धा तास नुसता डेस्कटॉप आणि व्हिडिओ. मग एचडब्ल्यूइन्फो किंवा जीपीयू-झेड (पॉवर, तापमान दाखवणारी सॉफ्टवेअर) उघडून सुपरपोझिशन किंवा हेवन बेंचमार्क (कार्डावर भार टाकणारी चाचणी) वीस मिनिटं चालवा आणि कार्डाची पॉवर किती दाखवतात ते बघा. आरएक्स ६००० मालिका आणि त्याआधीची एएमडी कार्डं सॉफ्टवेअरमध्ये फक्त चिपची पॉवर दाखवतात, पूर्ण कार्डाची नाही. आरएक्स ६६०० वर शंभरच्या आसपास आकडा दिसला म्हणून कार्ड कमी घेतंय असं समजू नका.

शेवटी ओसीसीटी या सॉफ्टवेअरची पॉवर टेस्ट, जी प्रोसेसर आणि कार्ड दोघांनाही एकाच वेळी पूर्ण लोड देते. ती दहा मिनिटं पार पडली तर गेममध्ये सहसा अडचण येत नाही. एसएमपीएस जुना किंवा अनोळखी असेल तर या चाचणीच्या वेळी पीसीजवळच थांबा. एसएमपीएसच्या मागून येणाऱ्या हवेला हात लावून बघा. जळका वास आला तर सॉफ्टवेअर बंद करत बसू नका, मागचं स्विच बंद करा. कार्डातून येणारा बारीक किर्र आवाज मात्र कॉइलचा असतो, त्याने काही बिघडत नाही.

पायरी ८ : पॉवर लिमिट खाली आणा

एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिटचा, म्हणजे कार्डाने जास्तीत जास्त किती पॉवर घ्यावी याचा, स्लायडर असतो. एएमडी कार्डांसाठी त्यांच्या अ‍ॅड्रेनलिन सॉफ्टवेअरमध्येच सोय आहे. काही कार्डं हा स्लायडर फार खाली जाऊ देत नाहीत, पण जिथे जातो तिथे तो १०० वरून ८० टक्क्यांवर आणा. कार्डाची पॉवर पाचव्या हिश्शाने कमी होते, एफपीएस मात्र तेवढे घटत नाहीत, बहुतेक गेममध्ये फरक काही टक्क्यांचाच राहतो. कारण कार्डं कारखान्यातूनच शेवटचे थोडे मेगाहर्ट्‌झ काढण्यासाठी बरीच जास्त पॉवर खर्च करत येतात. तापमान उतरतं, पंखे शांत होतात, एसएमपीएसवरच्या उसळ्याही बोथट होतात. सेटिंग पीसी सुरू होताना आपोआप लागू व्हावं, हा पर्याय चालू करायला विसरू नका, नाहीतर रीस्टार्टनंतर सगळं मूळपदावर येतं.

एफपीएसला मर्यादा घालणं त्याहून सोपं आहे. मॉनिटर ६० हर्ट्‌झचा असताना कार्ड १८० फ्रेम बनवत बसण्यात अर्थ नाही. हलक्या गेममध्ये या एका सेटिंगने १३२ वॅटचं कार्ड अर्ध्यावरही येऊ शकतं. रोज चार तास खेळणाऱ्याचे ६० वॅट वाचले तर महिन्याला सात युनिट होतात.

एक सावधगिरी : पॉवर लिमिट कमी करून कमजोर एसएमपीएसवर मोठं कार्ड कायमचं चालवायची योजना आखू नका. ड्रायव्हर लोड होईपर्यंत आणि सेटिंग उडालं की कार्ड मूळ मर्यादेवरच असतं.

तरीही पीसी बंद पडत असेल तर

कसा बंद पडतो ते आधी नीट बघा. पूर्ण पीसी एका झटक्यात बंद होऊन काही सेकंद चालूच होत नसेल तर एसएमपीएसचं संरक्षण लागलं असण्याची शक्यता मोठी. स्क्रीन काळी, पण आवाज चालू आणि कार्डाचे पंखे भरधाव, असं असेल तर बहुधा कार्डाची केबल ढिली आहे किंवा कार्डातच दोष आहे. गेम बंद होऊन डेस्कटॉप दिसत असेल तर बहुधा ड्रायव्हर, किंवा तुम्ही केलेलं अंडरव्होल्टिंग (कार्डाचं व्होल्टेज कमी करणं). विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद दिसली की लोक एसएमपीएसला दोषी ठरवून मोकळे होतात. ती नोंद फक्त पीसी नीट शटडाउन झाला नाही एवढंच सांगते, कारण सांगत नाही.

मग पीसी यूपीएस आणि एक्स्टेंशन बोर्ड वगळून थेट भिंतीच्या सॉकेटला लावा. दोन्ही ८ पिनच्या केबल काढून पुन्हा टक्क आवाज येईपर्यंत बसवा. प्रोसेसरची केबल अर्धवट बसलेली असणं फार वेळा आढळतं. पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणून तोच गेम तासभर चालवा. त्रास थांबला तर रोख पॉवर किंवा तापमानाकडे जातो, आणि तापमान एचडब्ल्यूइन्फोत दिसतंच. मल्टिमीटर वापरता येत असेल तर लोड चालू असताना रिकाम्या मोलेक्सच्या पिवळ्या आणि काळ्या तारेत व्होल्टेज मोजा. ते ११.४ ते १२.६ च्या मध्ये असलं पाहिजे. सॉफ्टवेअरमध्ये दिसणाऱ्या १२ व्होल्टच्या आकड्यावर विसंबू नका, मदरबोर्डचे सेन्सर त्यात बरेच चुकतात.

एसएमपीएसचं झाकण मात्र उघडू नका. आतला मुख्य कपॅसिटर वायर काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर चार्ज धरून राहू शकतो. मित्राचा चालू एसएमपीएस त्याच्याच केबलसकट आणून लावून बघणं, ही खरी चाचणी. त्यावरही पीसी बंद पडला तर कार्ड दुसऱ्या पीसीत तपासा. सेकंड हँड आरएक्स ५७० किंवा ५८० असेल तर क्रिप्टो मायनिंगसाठी बदललेला बायोस, म्हणजे कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर, त्यात राहिलेला असू शकतो. काही मॉडेलांच्या कडेला बायोस बदलायचा छोटा स्विच असतो. पीसी बंद करून तो दुसऱ्या बाजूला सरकवा आणि पुन्हा चालवून बघा.